घरच्या सुतारकामासाठीं रंध्याचें यंत्र

सुतारकामाचा छंद जडलेल्या गृहस्थाच्या हातीं चार पैसे आले, कीं त्याचें लक्ष प्रथम रंध्याच्या यंत्राकडे जातें. सागवानाची रुंद फळी हातरंध्यानें साफ करावयाची म्हणजे अर्धा दिवस आणि दोन्ही खांदे खर्चीं पडतात. यंत्र तेंच काम कांहीं मिनिटांत उरकतें, हें त्यानें कोठेंतरी पाहिलेलें असतें. तो दुकानांत जातो, बारा-तेरा इंच रुंदीची फळी घेणारें, टेबलावर ठेवतां येण्याजोगें यंत्र घरीं आणतो आणि वखारींतली बांकलेली फळी त्यांत घालतो. दुसऱ्या बाजूनें ती गुळगुळीत होऊन बाहेर येते. परंतु बांक जसाच्या तसा! पुन्हा दोन-तीनदां घातली, तरी फळी पातळ होते, सरळ कांहीं होत नाहीं. यंत्र सदोष आहे अशी त्याची समजूत होते. वास्तविक जें काम त्या यंत्राचें नव्हेच, तें त्याला सांगितलें गेलेलें असतें.

रंध्याच्या यंत्रांचीं कामें दोन, आणि तीं एकमेकांहून अगदीं भिन्न. फळीची एक बाजू सपाट करणें हें पहिलें; त्या बाजूशीं समांतर अशी दुसरी बाजू करून जाडी सर्वत्र सारखी राखणें हें दुसरें. पहिलें करणाऱ्या यंत्रास बाजारांत सरफेस प्लेनर म्हणतात, दुसरें करणाऱ्यास थिकनेसर. हा भेद स्वयंपाकघरांतल्या उदाहरणानें लगेच ध्यानांत येईल. सुगरणीनें लाटलेली पोळी कडेपासून मध्यापर्यंत सारख्या जाडीची असते. पण तीच पोळी आडव्या लाटण्यावर टाकली, तर दोन्हीं बाजूंनीं लोंबते. जाडी बदलली नाहीं, सपाटपणा मात्र गेला. थिकनेसर फक्त जाडी पाहतो. त्याच्या पात्यांच्या अलीकडे-पलीकडे एकेक रूळ असतो. हे रूळ फळीस खालच्या पाटावर दाबून पुढें ओढतात. दाबाखालीं फळी तेवढ्यापुरती सरळ होते, पातें वरचा थर काढतें, आणि रुळांतून सुटतांच ती आपला मूळचा बांक पुन्हा धरते.

सरफेस प्लेनरांत दाबणारे रूळ नसतात. एकापुढें एक असे दोन लांब पाट आणि त्यांच्या मध्यें फिरणारीं पातीं, एवढाच त्याचा थाट. पलीकडचा पाट पात्यांच्या सर्वांत उंच बिंदूच्या नेमक्या पातळींत असतो. अलीकडचा, जेवढा थर काढावयाचा तेवढा, म्हणजे एखादा मिलिमीटर, खालीं. फळी हातानें सरकवली कीं खालच्या बाजूचे उंचवटे कापले जातात आणि कापलेला भाग पलीकडच्या पाटावर टेकून उरलेल्या भागास वळण लावतो. हा पाट केंसभर खालीं राहिला, तर फळीचें शेवटचें टोंक खणलें जातें. वर राहिला, तर फळी त्याच्या कडेस अडते. नव्या यंत्राबद्दलच्या निम्म्या तक्रारी या एका पाटाच्या पातळीपाशीं येऊन मिटाव्यात.

म्हणून ग्राहकानें अश्वशक्तीची चौकशी करण्याआधीं एका प्रश्नाचा निकाल लावावा: फळीची पहिली बाजू सपाट कोण करणार?

चाळींत किंवा सदनिकेंत राहणाऱ्या माणसानें त्याचें उत्तर ‘मीच, हातरंध्यानें’ असें देण्यास हरकत नाहीं. एक बाजू लांब हातरंध्यानें सपाट करावी, ती पाटावर खालीं ठेवावी आणि उरलेलें काम लहान थिकनेसरवर सोंपवावें. रंधा मारण्याचे श्रम निम्म्याहून कमी होतात. दुसरीही युक्ति आहे. सरळ, जाड प्लायवुडच्या तुकड्यावर बांकलेली फळी ठेवून जेथें पोकळी राहते तेथें पाचरी चिकटवाव्या आणि दोन्ही मिळून थिकनेसरमधून काढावीं. पाचरींमुळें रुळांना फळी दाबतां येत नाहीं, आणि वरची बाजू खरोखर सपाट निघते. मात्र या लहान यंत्रांची मोटार बहुधा ब्रशची असते. तिचा कर्कश आवाज शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोंपेचा शत्रु आहे.

ज्याच्याकडे तळमजल्यावरची खोली आहे, त्यानें संयुक्त यंत्राचा विचार करावा. यांत पात्यांचा दंड एकच. वरून फळी सरकवली कीं सपाट होते, वरचे पाट उचलून तीच फळी खालून घातली कीं जाडी सारखी होते. दहा किंवा बारा इंचांची फळी दोन्हीं कामांसाठीं चालते, हा त्याचा मोठा गुण. स्वतंत्र घरगुती सरफेस प्लेनर पुष्कळदां सहा-आठ इंचांवर थांबतात. पाट उचलण्यांत आणि लावण्यांत वेळ जातो, पण सर्व फळ्यांची पहिली बाजू आधीं उरकून घेतली, तर तो त्रास दिवसांतून एकदांच. जागेचा हिशेब मात्र सुतळी धरून करावा: सहा फुटी फळीस यंत्राच्या अलीकडे सहा फूट आणि पलीकडे सहा फूट मोकळे लागतात. मोटार घरच्या एकफेजी विजेवर चालणारी इंडक्शन जातीची असावी, पाट बिडाचे असावेत. एकाच दंडावर रंधा आणि गोल करवत अशीं दोन्हीं फिरविणारीं स्वस्त यंत्रेंही बाजारांत मिळतात. एक काम करतांना दुसरें पातें कोपराजवळ फिरत असतें. असलें यंत्र घरांत न आणलेलें बरें.

पृष्ठाचा गुळगुळीतपणा साध्या गुणाकारानें कळतो. दोन पातीं मिनिटास ८००० फेरे घेत असतील आणि फळी मिनिटास ८ मीटर सरकत असेल, तर दर मिलिमीटरला दोन काप पडतात. तीन पातीं, ५००० फेरे आणि ६ मीटर असतील, तर अडीच. सागवानांत वाळूच्या जातीचें सिलिका द्रव्य असल्यामुळें पोलादी धार लवकर बोथट होते. ज्याला सागच वापरावयाचा आहे, त्यानें कार्बाइडच्या चौकोनी तुकड्यांचा दंड परवडतो का, हें पाहावें. एक धार गेली कीं तुकडा फिरवून दुसरी वापरतां येते.

बोटांविषयीं थोडें सविस्तर सांगणें प्राप्त आहे. जुन्या यंत्रांत पातीं चौकोनी दंडावर बसविलेलीं असत. पात्यापुढें मोठी पोकळी राही आणि सांपडलेलें बोट तींत ओढलें जाई. १९४८ च्या कारखाने कायद्याखालीं महाराष्ट्रांत १९६३ सालीं झालेल्या नियमांत, हातानें लांकूड सरकवावयाच्या रंधायंत्राचा दंड गोलच असावा आणि पात्यांची फट पूर्ण झांकील असें झांकण त्यावर असावें, असा दंडक घातला गेला. घरच्या खोलींत कारखाने-निरीक्षक येत नाहीं. तेव्हां गोल दंड आणि झांकण हीं ग्राहकानेंच पाहून घ्यावींत. फुटाहून आंखूड तुकडा यंत्रावर धरूं नये, हातमोजे घालूं नयेत, रुंद बाजू सरकवितांना मुठीचा ठोकळा वापरावा.

धुळीचेंही तसेंच. कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें १९९५ सालीं लांकडाच्या धुळीची गणना मनुष्यास कर्करोगकारक द्रव्यांत केली. भुसा ओढणारा पंखा, त्याची पिशवी आणि तोंडावरचा मास्क यांचा खर्च यंत्राच्या किंमतींतच धरावा.

वर्षांतून एखादें कपाट करणाऱ्यानें यंत्र घेऊंच नये. वखारीजवळच्या गिरणीवर फळ्या रंधून मिळतात. मात्र तेथेंही पुष्कळदां फळी सरळ थिकनेसरमध्यें जाते आणि बांक घेऊन घरीं परतते. ‘आधीं एक बाजू सपाट करा’ असें सांगून समोर उभें राहावें. पावसाळ्यांत जाडी दोन-तीन मिलिमीटर जास्तच ठेवून घ्यावी. फळ्या घरीं आणून मध्यें पट्ट्या घालून रचाव्या आणि आठ-दहा दिवसांनीं त्यांनीं नवा बांक धरला आहे का, हें पाहून मगच तो शेवटचा थर काढावा.