एरंडाच्या बियांतील नायलॉन

ज्या झाडाचे नाव आपल्या भाषेने निष्फळ चर्चेला चिकटवून तिला 'एरंडाचे गुऱ्हाळ' म्हटले, आणि ज्याचे तेल म्हटले की लहानपणी पोट साफ होण्यासाठी नाक दाबून घशाखाली उतरवलेला चमचा आठवतो, त्याच एरंडापासून अस्सल नायलॉन तयार होते, हे पुष्कळांना ठाऊक नसावे.

1935 साली अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्स यांनी सिद्ध केलेल्या नायलॉनचा कच्चा माल प्रथम दगडी कोळशातून व पुढे खनिज तेलातून आला. शिवाय त्याला लागणारे अ‍ॅडिपिक आम्ल तयार होताना जो नायट्रस ऑक्साइड उत्पन्न होतो, तो उष्णता कोंडण्यात कार्बन डायऑक्साइडहून शेकडो पटींनी प्रबळ. एरंडाचे नायलॉन-11 फ्रान्समध्ये चाळिशीच्या दशकात साकारले, आणि नॉर्मंडीतील कारखान्याशेजारच्या रिल नदीवरून त्याचे 'रिल्सान' असे नामकरण झाले.

एरंडाची बी तळहातावर घेऊन पाहावी: गुळगुळीत, चकचकीत, करड्या-तपकिरी ठिपक्यांची, आणि आकाराने थेट गोचिडीसारखी, 'रिसिनस' या तिच्या लॅटिन नावाचा अर्थही गोचीडच. तिच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेल, आणि त्या तेलात सुमारे नव्वद टक्के रिसिनोलेइक आम्ल. अठरा कार्बनांच्या या साखळीत नवव्या कार्बनापाशी दुहेरी बंध आणि बाराव्यावर हायड्रॉक्सिल गट अशी योजना निसर्गानेच करून ठेवल्यामुळे, तिचे मिथिल एस्टर सुमारे 500 अंश सेल्सियसला तापविले असता ती अकराव्या व बाराव्या कार्बनांच्या मध्ये नेमकी तुटते. सात कार्बनांचा तुकडा अत्तराच्या धंद्याकडे जातो. अकरांच्या तुकड्याला एका टोकाशी अमाइन जोडले की असे रेणू एकमेकांना धरतात, पाणी बाहेर टाकतात आणि लांबच लांब साखळी होते. या साखळ्यांचा वितळलेला रस सूक्ष्म छिद्रांतून बाहेर पडताच गोठतो, व ताणला की धागा मजबूत होतो. माणसाने मोठ्या खटपटीने घडवावी अशी रचना एका माळरानी झाडाने मुकाट्याने घडवावी, याचे मला राहून राहून नवल वाटते.

मात्र 'वनस्पतिजन्य' हा शब्द सनदेसारखा मिरविणे मला मान्य नाही, कारण हा धागा मातीत सहजासहजी कुजत नाही, आणि त्याच्या जमाखर्चात कारखान्याची ऊर्जाही नमूद करावी लागते. जगातील बहुतांश एरंड भारतात, त्यातही गुजरातेत, पिकतो. तेल गाळल्यावर उरलेल्या पेंडीत रिसिन हे जहर असल्यामुळे ती गुरांपुढे ठेवत नाहीत; ती खत म्हणून पुन्हा शेतातच जाते.