पाट कोणाचा?

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, आणि ते खरेच आहे. परंतु तलावाचे पाणी बांधीपर्यंत नेणाऱ्या पाटाचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. साकोली, लाखांदूरकडील जुन्या गावांत हा मातीचा अरुंद पाट कित्येकदा वस्तीला खेटून जातो. काठावरच्या घरांना त्याचे सुख आहे तसा जाचही आहे: परसातील भाजीला आयता ओलावा मिळतो, तर पाट तुंबला की भिंतींना ओल येते आणि डास होतात.

हे तलाव मुख्यतः गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधले. जंगल तोडून तलाव बांधणाऱ्यास जमिनीचे हक्क मिळत. पुढे मालगुजारी आली. तलाव मालगुजाराचा झाला, मात्र रयतेचा पाण्यावरील हक्क वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदला गेला. पावसाळ्यापूर्वी पाट उपसण्याचे काम गाव करी. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या श्रमात स्वेच्छा किती आणि वेठ किती, हे मालगुजाराच्या वंशजांपेक्षा कुळांच्या नातवंडांना विचारलेले बरे. तथापि पाट कोणी उपसायचा, या प्रश्नाला तेव्हा उत्तर होते.

1950 च्या मध्य प्रदेश कायद्याने मालगुजारी संपली व तलाव शासनाकडे आले. अन्याय्य मालकी गेली, हे योग्यच झाले. पण मालकीबरोबर कर्तव्याची वाटणीही मोडली आणि तिच्या जागी दुसरी उभी राहिली नाही. हक्क गावाकडे उरला, दुरुस्ती कचेरीकडे गेली. दरम्यान पाटात गाळ साचला, बेशरम माजली. कोणी धुरा सरकवून पाट बांधीत घेतला, कोणी त्यावर न्हाणी काढली.

याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. तलावाजवळच्या बांधीला पाणी पोचतेच. ज्याच्याजवळ पैसा आहे तो बोअर खणतो, पंप बसवितो आणि पाटाची काळजी सोडतो. उरतो तो शेपटाकडचा अल्पभूधारक. धान निसवण्याच्या ऐन वेळी पावसाने ताण दिला तर त्याचे वर्ष एका पाण्यावर ठरते, आणि ते एक पाणी वरच्या वस्तीतील कचऱ्यात अडते.

सामुदायिक साधने सरकार किंवा खाजगी मालक यांच्याशिवाय टिकत नाहीत, हा समज एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी खोडला; 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. स्पेनमधील व्हॅलेन्सियाचे जुने कालवे हे त्यांचे एक उदाहरण होते. तेथील शेतकऱ्यांचे जलन्यायालय आजही दर गुरुवारी पाण्याचे तंटे तोंडी ऐकून निकाली काढते. आपल्याकडे 2005 च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना मान्यता दिली आहे. परंतु संस्था नोंदविणे निराळे आणि पाट अडविणाऱ्या शेजाऱ्याला दंड करणे निराळे. दुसरे काम एकाच आळीत राहणाऱ्यांना फार जड जाते.

गाळ काढण्याच्या सरकारी योजनांत तलावाचे पोट खोल होते, ते स्वागतार्ह आहे. त्यासोबत प्रत्येक पाटाची लांबी-रुंदी मोजून ती ग्रामसभेपुढे वाचली जावी, अतिक्रमण रोवणीपूर्वी हटवावे, आणि पाणी वाटणाऱ्या समितीत शेपटाकडच्या शेतकऱ्यांना निम्म्या जागा द्याव्यात. पाणी कोठे अडते हे त्यांना कोणत्याही अभियंत्याइतकेच ठाऊक असते.