हिवतापाच्या परजीवीचे जीवनचक्र

हिवताप प्लाझ्मोडियम या एकपेशीय परजीवीमुळे होतो. भारतात त्याच्या व्हायव्हॅक्स व फॅल्सिपेरम या दोन जाती प्रामुख्याने आढळतात. माणूस आणि ॲनाफिलिस डासाची मादी असे दोन यजमान लाभल्याशिवाय त्याचे जीवनचक्र पूर्ण होत नाही. रुग्णाच्या रक्तातील परजीवी लॅव्हेरान यांनी १८८० मध्ये अल्जीरियात पाहिला. डासाशी असलेला त्याचा संबंध रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे आढळला. हुसेन खान या रुग्णाचे रक्त प्यालेल्या डासाच्या जठराच्या भित्तीत त्यांना परजीवीच्या रंगद्रव्ययुक्त पेशी दिसल्या. या कार्यासाठी रॉस यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

यकृतातील अवस्था : बाधित मादी चावते तेव्हा तिच्या लाळेतून सूत्राकार स्पोरोझॉइट त्वचेत शिरतात व रक्तावाटे यकृतात पोहोचतात. तेथे सुमारे आठवडाभरात एकापासून हजारो मेरोझॉइट तयार होतात. या काळात रुग्णास कोणताही त्रास जाणवत नाही. व्हायव्हॅक्सचे काही परजीवी मात्र यकृतातच सुप्त राहतात.

रक्तातील अवस्था : मेरोझॉइट तांबड्या पेशींत शिरतात, हिमोग्लोबिनवर पोसतात व त्यांची संख्या वाढते. या दोन्ही जातींत सुमारे ४८ तासांनी पेशी फुटतात. त्या वेळी थंडी वाजून ताप भरतो. पुढे रक्तक्षय होतो. फॅल्सिपेरमने बाधित पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांना चिकटतात. मेंदूतील वाहिन्या अशा रीतीने अडल्यास रुग्णाच्या जिवास धोका निर्माण होतो. काही परजीवींचे नर-मादी गॅमेटोसाइटमध्ये रूपांतर होते.

डासातील अवस्था : रक्ताबरोबर गॅमेटोसाइट डासाच्या जठरात जातात व तेथे त्यांचे मीलन होते. त्यातून निर्माण झालेला चल युग्मनज जठराच्या भित्तीत शिरून ऊसिस्ट बनतो. रॉस यांनी पाहिलेली अवस्था हीच. ऊसिस्ट फुटल्यावर स्पोरोझॉइट लाळग्रंथीत जातात. यास साधारणतः दहा ते चौदा दिवस लागतात. त्यानंतरच ती मादी रोग पसरवू शकते.

उपचार व प्रतिबंध यांची दिशा या चक्रावरूनच ठरते. क्लोरोक्विनने व्हायव्हॅक्सचे रक्तातील परजीवी मरतात व ताप उतरतो. परंतु यकृतातील सुप्त परजीवी शाबूत राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ताप उलटतो. त्यासाठी प्रायमाक्विनचा, सर्वसाधारणपणे चौदा दिवसांचा, क्रम पूर्ण करावा लागतो. गरोदर स्त्रिया, तान्ही मुले व जी-सिक्स-पी-डी या विकराची कमतरता असणारे यांच्या बाबतीत हे औषध धोक्याचे असल्याने ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. ताप उतरला म्हणून गोळ्या थांबविणारा रुग्ण स्वतः पुन्हा आजारी पडतो आणि डासांमार्फत शेजाऱ्यांनाही रोग देतो.

शहरांत ॲनाफिलिस स्टीफेन्साय ही जाती गच्चीवरील टाक्या, हौद व बांधकामावरील साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालते. अंड्यापासून डास होण्यास आठवडा किंवा थोडा अधिक काळ लागतो. म्हणूनच टाक्या घट्ट झाकणे आणि आठवड्यातून एकदा भांडी व हौद कोरडे करणे हा उपाय प्रत्येक घरास, शाळेस व मशिदीच्या वुजूच्या हौदासही लागू आहे. रक्त तपासून निदान, औषधांचा पूर्ण क्रम व साठलेल्या पाण्यावर नियंत्रण, या तिन्ही गोष्टी एकत्र झाल्यासच हे चक्र खंडित होते.