तीन चाकांची उडती गाडी

पाठीवर एंजिन, डोक्यावर कापडी पंख आणि मोकळ्या मैदानावर थोडीशी धांव, एवढ्या सामग्रीनिशीं मनुष्य आज आकाशांत जातो. या साधनास ‘पॅरामोटर’ म्हणतात. हवेनें फुगणारा कापडी पंख अमेरिकेंतील डॉमिना जाल्बर्ट यांनीं १९६४ सालीं सिद्ध केला. १९७८ सालीं फ्रान्समधील मियूसी येथें हवाई छत्रीनें उड्या मारणाऱ्या तिघांनीं तशाच छत्र्या घेऊन डोंगरउतारावरून धांवत जाऊन उड्डाण केलें. आणि पुढील दशकांत या खेळास लहानसें एंजिन लाभलें.

परंतु वीस-तीस किलो वजन पाठीवर घेऊन धांवणें प्रत्येकाच्या गुडघ्यांस मानवणारें नव्हे. म्हणून गाडी आली. पुढें एक चाक, मागें दोन, मध्यें बैठक व तिच्या पाठीशीं एंजिन. हातांत कसब असलेले कित्येक हौशी लोक ती घरींच बनवितात. अमेरिकेंत १९८२ च्या नियमांप्रमाणें एका माणसाच्या व २५४ पौंडांहून कमी वजनाच्या यानास सरकारी तपासणी लागत नाहीं, चालकास परवानाही लागत नाहीं. हें वाचून तरुण मन हरखून जातें. पण याचा खरा अर्थ असा कीं, तेथें बनविणारा हाच आपला तपासनीस.

मग त्यानें तपासावें काय? पहिली भीति उलटण्याची. पंख एका बाजूस कलला तर धांवणाऱ्या माणसाचे पाय आपोआप त्याच्याखालीं सरकतात. चाकें तशीं सरकत नाहींत. ओढ वर लागते, चाकें जमिनीस खिळून राहतात आणि गाडी कुशीवर पडते. म्हणून मागील चाकांत अंतर पुष्कळ, बैठक सखल व पुढील चाक वळणारें असावें. पंख डोक्यावर नीट आला नाहीं तर तत्काळ एंजिन बंद करावें. त्यांत कमीपणा नाहीं.

दुसरी गोष्ट तोलाची. पंखाच्या दोऱ्या जेथें अडकावयाच्या त्याच दोन ठिकाणीं धरून गाडी मजबूत तुळईस टांगावी व चालकानें तींत बसावें. पुढचें चाक मागच्यांहून किंचित् वर राहिलें पाहिजे. एरव्हीं उतरतांना तेंच प्रथम टेकून गाडी भेलकांडेल. शिवाय पंखा फिरूं लागला कीं गाडीस उलट दिशेनें पीळ बसतो, तोही हिशेबांत धरावा.

तिसरी गोष्ट सांध्यांची. ॲल्युमिनियमची नळी हलकी खरी, पण वेल्डिंगच्या उष्णतेनें सांध्याजवळचें तिचें बळ बरेंच घटतें आणि वरून कांहींच दिसत नाहीं. साधे नट कंपनानें ढिले होतात. आपोआप घट्ट राहणारेच वापरावे. चौकट मोडली तरी माणूस पंखास अडकून राहावा म्हणून बैठकीखालून मजबूत पट्टा घ्यावा. पंख्याभोंवतीं जाळी हवीच, आणि एंजिन सुरू करतेवेळीं घरांतील मुलाबाळांस अंगणांत फिरकूं देऊं नये.

घरांतील एखाद्या मुलानें असें काम हातीं घेतलें तर वडील माणसें एकतर सपशेल नकार देतात, नाहींतर नुसतें कौतुक करतात. त्यापेक्षां तुळईस टांगलेली गाडी दाखव, असें त्यास सांगावें आणि प्रत्येक सांध्याचा जाब विचारावा. त्याचें समाधानकारक उत्तर, जाणत्या शिक्षकाकडील शिक्षण व आपल्या देशांतील विमानविषयक नियमांची पूर्तता, या तिन्ही गोष्टी झाल्या म्हणजे मगच आशीर्वाद द्यावा.