डाग घासून जात नाहीत, हिरड्या मात्र जातात!

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा, झरी-जामणी या भागात अनेकांच्या दातांवर पिवळट-तपकिरी डाग दिसतात. ते निघावेत म्हणून कडक ब्रश आणला जातो, कधी राखुंडी किंवा कोळशाची पूड लावली जाते आणि रोज जोर लावून दात घासले जातात. डाग आहेत तिथेच राहतात. हिरड्या मात्र दुखावतात, हळूहळू मागे सरकतात, दाताचे मूळ उघडे पडते आणि थंड पाणी लागले तरी कळ येते.

याचे कारण पाण्यात आहे. या भागातील अनेक विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळले आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असतात त्या वयात, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, जास्त फ्लोराइड पोटात गेले तर दाताचे कवचच सदोष बनते. डाग वरून चिकटलेला नसतो, तो कवचात मुरलेला असतो. त्यामुळे कोणताही ब्रश तो काढू शकत नाही. डाग फिकट करायचे असतील तर दंतवैद्याकडेच जावे लागते.

ब्रश कसा निवडाल?

हिरड्या नाजूक असतील, तर पाकिटावर ‘सॉफ्ट’ किंवा ‘एक्स्ट्रा सॉफ्ट’ लिहिलेलाच ब्रश घ्या. ‘मीडियम’ आणि ‘हार्ड’ टाळा. ब्रशचे डोके लहान असावे, शेवटच्या दाढेमागेही ते सहज पोहोचले पाहिजे. केसांची टोके गोलसर केलेली असावीत, कापल्यासारखी टोके हिरडीला टोचतात. इलेक्ट्रिक ब्रश लागतोच असे नाही. तीन-चार महिन्यांनी ब्रश बदला. त्याआधीच केस बाहेर वाकले, तर तुम्ही फार जोर लावता आहात असे समजा. कडुनिंबाची काडी वापरत असाल, तर टोक चावून मऊ करा आणि हिरडीवर रगडू नका.

घासण्याची पद्धतही महत्त्वाची. ब्रश दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे तिरका, साधारण ४५ अंशांत धरा. जागच्या जागी हलके हलवा. करवतीसारखा आडवा ओढू नका. मुठीत न पकडता पेनासारखा बोटांत धरला की जोर आपोआप कमी पडतो. सकाळी आणि रात्री झोपताना दोन-दोन मिनिटे पुरेत. सहा वर्षांखालील मुलांना पेस्ट अगदी थोडी द्या आणि ती थुंकायला शिकवा. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या गावांत मुलांसाठी कोणती पेस्ट घ्यावी, हे दंतवैद्याला विचारा.

रक्त आले तर?

रक्त दिसले की बरेच जण त्या बाजूला ब्रश लावणेच सोडतात. इथे दुखणे वाढते. रक्त बहुधा दातांच्या कडेला साचलेल्या चिकट थरामुळे सुजलेल्या हिरडीतून येते. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका प्रयोगात १२ निरोगी व्यक्तींना दात घासणे बंद करायला सांगितले होते. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा स्वच्छता सुरू केल्यावर सुमारे आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणून ब्रश थांबवू नका, मऊ ब्रश हळुवार फिरवा. गरोदरपणात आणि मधुमेहात हिरड्या लवकर सुजतात, तेव्हा जास्त काळजी घ्या.

खर्रा खाणाऱ्यांनी फसू नये

‘माझ्या हिरडीतून रक्त येत नाही, म्हणजे ती ठणठणीत आहे’ हा तंबाखू खाणाऱ्यांचा भ्रम ठरू शकतो. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे आतून हिरडीचा आजार वाढत असला, तरी रक्त कमी दिसते. खर्ऱ्यातील सुपारीचा धोका वेगळाच आहे. तिच्यामुळे तोंडातील त्वचा ताठर होत जाते. आधी तिखट खाल्ले की आग होते, मग तोंड कमी उघडू लागते. पुढे मागच्या दाढांपर्यंत ब्रशही नेता येत नाही. ही आग हिरड्या नाजूक असल्यामुळे होते, असे समजून ब्रश बदलत बसू नका. खर्रा बंद करा आणि तपासणी करून घ्या.

दोन आठवडे मऊ ब्रश नीट वापरूनही रक्त थांबले नाही, दात हलू लागले, हिरडीतून पू आला, किंवा तोंडातली जखम अथवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर दंतवैद्याला दाखवा. दातांवर दगडासारखे जमलेले कीटण ब्रशने निघत नाही, ते दवाखान्यातच काढावे लागते. पुढील उपचारांसाठी नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय आहे. आणि मुलांच्या नव्या दातांवर डाग पडू नयेत असे वाटत असेल, तर गावातील विंधन विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घ्या. तो इलाज कुठल्याही ब्रशपेक्षा मोठा आहे.