आतड्यांचा दाहविकार : कोणती तपासणी कशासाठी?



उपचारांसाठी शहरात येणारी अनेक कुटुंबे भक्तनिवासात उतरतात. त्यांपैकी काहींजवळ पोटाच्या जुनाट विकाराच्या फिल्म व रिपोर्ट यांची जाडजूड पिशवी असते आणि प्रश्न एकच असतो, "दुर्बिणीने पाहिले, सोनोग्राफी झाली, सी.टी. झाला, आता पुन्हा एम.आर.आय. कशाला?" खर्च अनाठायी वाटून तपासणी पुढे ढकलली जाते व कधी कधी त्यातून अनर्थ ओढवतो. म्हणून या विषयाची माहिती येथे देत आहोत.

विकाराचे स्वरूप

आतड्यांच्या दीर्घकालीन दाहविकाराचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराचा विकार असून तो बहुधा गुदाशयापासून वर पसरतो. क्रोन्सचा विकार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो. लहान आतड्याचा शेवटचा भाग हे त्याचे नेहमीचे स्थान होय. न्यूयॉर्क येथील माउंट सायनाय रुग्णालयातील डॉ. बरिल क्रोन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा विकार आतड्याच्या भिंतीची संपूर्ण जाडी व्यापतो. दुर्बीण केवळ आतील पृष्ठभाग दाखविते. भिंतीत आणि भिंतीपलीकडे काय घडले हे स्कॅनमध्ये दिसते.

गुंतागुंत व तपासण्या

१. आतडे अरुंद होणे : येथे एम.आर.आय. विशेष उपयोगी. तपासणीपूर्वी सुमारे एक ते दीड लिटर द्रव टप्प्याटप्प्याने पिण्यास देतात, त्यामुळे आतडे फुगून भिंत स्पष्ट दिसते. अडथळा सुजेमुळे असेल तर औषधाने उतरण्याची आशा असते; जुन्या व्रणामुळे भिंत ताठर झाली असेल तर फुग्याने रुंदीकरण किंवा शस्त्रक्रिया करावी लागते. पुष्कळदा दोन्ही एकत्र आढळतात. अशा रुग्णास कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळावयास दिल्यास ती अडकण्याची भीती असते.

२. पोटातील गळू : स्टिरॉइडमुळे ताप व दुखणे दबून राहू शकते. सी.टी. अथवा सोनोग्राफीत गळू दिसते व त्याच मार्गदर्शनाखाली बहुधा नळी घालून पू काढता येतो. पू तसाच ठेवून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वाढविणे धोक्याचे असते.

३. भगंदर : कटिभागाच्या एम.आर.आय.मध्ये भगंदराचा मार्ग, त्याच्या शाखा व गुदद्वाराच्या स्नायूशी त्याचा संबंध कळतो. शाखा राहून गेली तर भगंदर पुन्हा उद्भवते. स्नायू अधिक कापला गेला तर मलावरील ताबा जाऊ शकतो.

४. आतडे फुगणे वा फुटणे : तीव्र दाहात मोठ्या आतड्याचा आडवा भाग साध्या एक्स-रेमध्ये ६ सेंटिमीटरहून रुंद दिसला आणि सोबत ताप व जलद नाडी असेल तर ती आणीबाणी समजावी. आतडे फुटल्यास उभ्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये पडद्याखाली हवा दिसू शकते, सी.टी. अधिक खात्रीचा. फुटल्याची शंका असता बेरियम देत नाहीत.

क्षयरोगाचे साम्य

आपल्या देशात आतड्यांचा क्षयरोगही आढळतो आणि तो लहान-मोठ्या आतड्यांच्या सांध्यावर क्रोन्ससारखाच दिसतो. मध्यभागी विरघळलेल्या मोठ्या लसिकाग्रंथी स्कॅनमध्ये दिसल्यास संशय क्षयाकडे वळतो. मात्र निर्णय तुकडा तपासून व उपचारांचा प्रतिसाद पाहूनच होतो. येथे घाई घातक ठरते, कारण क्रोन्सची औषधे क्षयरोग बळावू शकतात.

किरणांचा विचार

पोटाच्या एका सी.टी.मध्ये साधारणपणे ८ ते १० मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गतः मिळणाऱ्या तीन-चार वर्षांच्या मात्रेइतका. विकार बहुधा तरुण वयात सुरू होतो व तपासण्या वारंवार कराव्या लागतात. म्हणून नियमित पाहणीसाठी सोनोग्राफी व एम.आर.आय. पसंत करतात, त्यांत असे किरण नसतात. आणीबाणीत मात्र सी.टी. काही मिनिटांत उत्तर देतो. तेव्हा किरणांच्या भीतीने तो नाकारू नये.

रुग्णाने काय करावे

जुन्या फिल्म, सी.डी. व रिपोर्ट तारीखवार जपावेत. तुलना झाली तरच विकार वाढला की उतरला हे कळते. पेसमेकर, शरीरातील धातू, मूत्रपिंडाचा विकार, कॉन्ट्रास्ट औषधाची ॲलर्जी व गर्भधारणा यांची कल्पना आधीच द्यावी. "या तपासणीने उपचारात काय बदल होईल?" असे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. वाढता ताप, पोट फुगणे, सतत उलट्या अथवा शौच व वारा बंद होणे, यांपैकी काही दिसल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

सदर लेख केवळ माहितीस्तव आहे. उपचारांबाबत आपल्या डॉक्टरांचाच सल्ला प्रमाण मानावा, ही विनंती.

सचिव, विश्वस्त मंडळ