अठ्ठेचाळिसाव्या वर्षी लाभलेला कॅमेरा

निवृत्तीनंतर काय करायचे, हा प्रश्न रायपूरजवळील उरला येथील पोलाद कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या अनेकांपुढे उभा राहतो. बँकेतील कागदपत्रांची पूर्तता होते. दिवस मात्र रिकामेच राहतात. अशा ग्राहकमित्रांना ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंची हकीकत सांगावीशी वाटते.

त्यांचा जन्म १८१५ सालचा, कोलकात्यातला. त्यांचे पती चार्ल्स हे मेकॉले यांच्यासमवेत भारतीय दंडसंहितेच्या मसुद्यावर काम केलेले कायदेपंडित. १८४८ मध्ये हे कुटुंब इंग्लंडला परतले. पुढे मुले मोठी झाली, पती सिलोनमधील कॉफीच्या मळ्यांकडे गेले आणि घर सुने झाले. एकटेपणात आईचे मन रमावे, म्हणून लेक-जावयांनी डिसेंबर १८६३ मध्ये त्यांना कॅमेरा भेट दिला. तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या.

त्या काळी छायाचित्रण ही हौस कमी आणि हमाली अधिक. काचेवर कलोडियनचा चिकट लेप द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि लेप ओला असेतो चित्र घेऊन धुवायचे. हात, कपडे सारे काळे पडत. बाईंनी कोळशाच्या कोठीची अंधारखोली केली, कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ. घरची मोलकरीण, भाच्या, शेजारचे कवी टेनिसन, जो सापडेल त्याला त्या निश्चल बसवीत. चित्रे धूसर येतात म्हणून जाणकारांनी नावे ठेवली. बाईंनी ती धूसरता सोडली नाही. १८६५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने त्यांची छायाचित्रे विकत घेतली.

उशिरा आरंभ केल्याने त्यांचे काही बिघडले, असे मला वाटत नाही. जे चेहरे त्यांनी टिपले, त्यांतील कित्येक त्या वर्षानुवर्षे न्याहाळीत आल्या होत्या. भट्टीपुढे तीस वर्षे काढलेल्या माणसालाही लालबुंद पोलादाचा नेमका क्षण कोणी शिकवावा लागत नाही. (कारखान्याची परवानगी मात्र आधी घ्यावी!) पक्ष्यांची आवड असल्यास बेमेतरा जिल्ह्यातील गिधवा-परसदाची पाणथळ गाठावी, थंडीत तेथे स्थलांतरित पक्षी उतरतात.

महागड्या लेन्ससाठी मुदत ठेव मोडण्याची घाई नको. पहिल्या हिवाळ्याला खिशातील मोबाईल पुरतो. सूर्य वर येण्यापूर्वी, धूर जमिनीलगत असतानाच, बाहेर पडावे.